कोळशाच्या तीन रेघा

बंगळूरला येऊन मला बावीस वर्षं झाली. इथल्या बाजाराने पहिल्याच पावसाळ्यात मला एक धडा दिला. सर्दीने नाक चोंदलं होतं आणि आईने फोनवर काढ्याची कृती सांगितली होती. त्यात सुंठ होती. मी दुकानात जाऊन ‘शुंठी’ मागितली, तर दुकानदाराने ओल्या आल्याचा गड्डा हातावर ठेवला. कन्नडमध्ये आल्यालाच शुंठी म्हणतात. सुंठ हवी तर ‘ओण शुंठी’, म्हणजे वाळलेली शुंठी, मागावी लागते. मी आलं घेऊन घरी आले आणि त्याचाच काढा केला. सर्दी जायची तेव्हा गेली.

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सर्दीचं वेगळं औषध आहे. तळमजल्यावरच्या अक्कांच्या दारात कुंडीमध्ये दोड्डपत्रे आहे. आपल्याकडे त्याला पानओवा म्हणतात. कुणी शिंकलं की त्या चार पानं खुडून देतात, तव्यावर गरम करून रस काढा म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामी मिऱ्याचं रसम करतात. त्याच्या वासानेच डोळ्यांतून पाणी येतं. वरच्या मल्याळी कुटुंबात चुक्कु काप्पी होते. सुंठ, मिरे, गूळ आणि थोडी कॉफी. आमच्याकडे गवती चहा, तुळस, आलं, लवंग, मिरे, ज्येष्ठमध आणि गूळ. चार पेले पाणी उकळून एक पेला उरवायचा. नावं निराळी, पण आलं-सुंठ आणि मिरे बहुतेक घरांत.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. ती वाईकडची. कृष्णेकाठच्या एका खेड्यात तिचं लहानपण गेलं. इथे आल्यावर तिने गॅलरीत गवती चहा लावला आणि घरातल्या सर्दी-खोकल्याचा कारभार हातात घेतला. डोकं जड झालं की सुंठ उगाळून कपाळावर लेप. छाती भरली की तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी. तोंडाला चव नसली की हुलग्याचं माडगं, नाहीतर मऊ भात, मेतकूट आणि तूप. या सगळ्याने बरं वाटतं यात मला कधी शंका नव्हती, आजही नाही. गरम पेयाने घसा शेकतो, कफ सुटतो. झोपताना चमचाभर मध घेतला तर खोकल्याची ढास कमी होते, हे आता डॉक्टरही सांगतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांबद्दलही त्यांची तक्रार नसते.

गोष्ट घडली ती दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये. आई तेव्हा ऐंशीची. आधी मला सर्दी झाली. ऑफिसातून आणली असणार, तिथे निम्मे लोक खोकत होते. मी दोन दिवसांत उठून कामाला लागले. तिसऱ्या दिवशी आईच्या अंगात कणकण आली. म्हणाली, ‘‘काही नाही गं, हवा बदललीय. काढा कर.’’

मी काढा केला, आणि खरं सांगायचं तर मोठ्या हौसेने केला. इतकी वर्षं तिने मला करून घातलं, आता माझी पाळी होती. गवती चहा तिच्याच कुंडीतला होता. लेप, पुरचुंडी, हळद-दूध, सगळं वेळेवर. ऑफिसातून रजा काढली. ‘‘डॉक्टरकडे जाऊया का?’’ असं एकदा विचारलं, तिने हात झटकला, आणि मला आतून बरंच वाटलं. मुलगी म्हणून मी पुरी पडते आहे असं वाटायला लागलं होतं. तापही फार नव्हता, शंभरच्या आसपास. म्हटलं, उतरेल.

चौथ्या दिवशी ती जास्त झोपायला लागली. मी म्हटलं, बरं झालं, विश्रांती मिळते आहे. पाचव्या दिवशी सकाळी मामी रसमाचा डबा घेऊन आल्या. आईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि मला ‘‘माई’’ म्हणून हाक मारली. माई म्हणजे तिची थोरली बहीण. तिला जाऊन तीस वर्षं झाली.

मामी डबा खाली ठेवून आईजवळ बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. आईच्या छातीकडे बघत, घड्याळ समोर धरून त्यांनी मिनिटभर श्वास मोजले. ‘‘बत्तीस,’’ म्हणाल्या. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 2020 मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात होता, पण त्याच्या बॅटऱ्या गळून गेल्या होत्या. मामींनी वरून त्यांचा आणवला. 88 आकडा दिसला. आम्ही तिला खुर्चीत बसवून लिफ्टपर्यंत नेलं.

फ्लू होता. त्यावर न्यूमोनिया झाला होता. तरुण डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. ताप कधी सुरू झाला? लघवी नेहमीएवढी होते का? दरवर्षीची फ्लूची लस दिली होती का? पहिल्याचं उत्तर ‘‘पाच दिवसांपूर्वी’’ होतं, दुसऱ्याचं मला देता आलं नाही, आणि तिसऱ्याचं ‘‘नाही’’. त्यांनी समजावून सांगितलं, रागावले नाहीत. फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. एवढ्या आजारी माणसाला ते उशिरानेही देतात, तसं आईलाही दिलं. म्हाताऱ्या माणसांत ताप फार चढेलच असं नसतं. भ्रम होणं, सारखं झोपणं, खाणं सुटणं, हीच तिथे धोक्याची खूण असते. मी तिलाच विश्रांती समजले होते.

नऊ दिवस आई दवाखान्यात होती. त्यातले चार दिवस तिच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क होता. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी एकच हिशेब करत होते. तिसऱ्या दिवशी आणलं असतं तर?

घरी आल्यावर आईला उठून बसायलाही आधार लागायचा. एका संध्याकाळी मी तिला माडगं भरवत होते. मनात साचलेलं बाहेर आलं. म्हटलं, ‘‘आई, माझ्यामुळे झालं गं. मी काढाच देत बसले.’’

तिने वाटी बाजूला सारली. म्हणाली, ‘‘काढा बरोबर होता. रेघा कुठे मारल्यास?’’

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिची आई, म्हणजे माझी आजी, घरात कुणाला ताप आला की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. रोज सकाळी एक. तीन रेघांपर्यंत काढा, लेप, शेक, लंघन, काय करायचं ते घरात. चौथ्या दिवशी सकाळी ताप असला की चौथी रेघ मारायची नाही, गाडी जुंपायची आणि वाईला डॉक्टरांकडे जायचं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं, किंवा धाप लागली, माणूस बरळायला लागलं, तर रेघा मोजायच्याच नाहीत, तडक निघायचं. आजारी माणसाचं तांब्याभांडं वेगळं, ते राखेने वेगळं घासायचं. त्याचं अंथरूण पडवीत, वाऱ्याला. तान्ह्या मुलाच्या आईने तिकडे फिरकायचं नाही.

हा नियम आजीला तिच्या सासूने घालून दिला होता. पणजी 1918 ची मानमोडी बघितलेली. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबईच्या बंदरात दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत गावागावांत शिरली. देशात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि पुढे जातात. हिंदीतल्या निरालांची बायको आणि घरातली कितीतरी माणसं याच साथीत गेली. ‘कुल्ली भाट’मध्ये त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. पणजीने लिहिलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं. तिचे दोन दीर आणि आठ महिन्यांची मुलगी पंधरा दिवसांत गेली. त्या वेळी त्या तापावर डॉक्टरांकडेही फारसं औषध नव्हतं. पण पणजीच्या मनात राहिलं ते एवढंच, की आम्ही उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिलो.

आई म्हणाली, ‘‘मी तुला काढा फोनवर सांगितला. रेघांचं सांगायचं राहून गेलं. गॅसच्या ओट्यामागे कोळसा कुठला?’’

त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला. 2020 मध्ये घरोघरी काढे उकळत होते. तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका घालून तो करावा असं आयुष मंत्रालयानेही सांगितलं होतं. कृती सगळ्यांच्या फोनवर आली. साधी सर्दी आठवड्या-दहा दिवसांत आपली आपण जाते, त्यामुळे त्या दिवसांत जे काही प्यायलो त्याला श्रेय मिळतं. माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या ओल्या आल्यालाही मिळालंच होतं. पण फ्लू ही मोठी सर्दी नव्हे, तो वेगळाच आजार. अंग एकाएकी मोडून येतं, ताप येतो, आणि म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गरोदर बायका, दमा किंवा मधुमेह असलेली माणसं यांच्या तो छातीत उतरू शकतो. कृती हातोहात पुढे गेली. कुठे थांबायचं ते मागे राहिलं.

जुनं सगळंच खरं होतं असंही नाही. आजी जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून जिवावरचा आजार होऊ शकतो, हे आता पक्कं माहीत आहे. उकळत्या पातेल्यावर चादर घेऊन वाफारा घेताना पोरांचे पाय भाजायचे. आजीच्या घरात मला मोलाची वाटते ती तिची मोजदाद. वेगळं भांडं, वाऱ्याचं अंथरूण, तीन रेघा. आज हात साबणाने धुणं, खिडक्या उघड्या ठेवणं, खोकणाऱ्याने मास्क लावणं, ही त्याच जातीची कामं आहेत. लसही मी त्यांच्यातच धरते. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात त्याचा जोर असतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणून पाऊस लागायच्या आधी आम्ही दोघी जाऊन घेऊन येतो. आईच आठवण करते. म्हणते, ‘‘आंबे संपायच्या आत जाऊन येऊ.’’

आई पूर्वीसारखी झाली नाही. जिना चढताना दोनदा थांबते. मला त्या पाच दिवसांतला तिसरा दिवस अजून आठवतो. तेव्हा तिच्या उशाशी बसून मी किती समाधानात होते तेही आठवतं.

गेल्या डिसेंबरात मला सर्दी झाली. अंगात थोडी कसर होती. मी वेगळ्या खोलीत झोपले, खिडकी उघडी ठेवली. सकाळी स्वयंपाकघरातून गवती चहाचा वास आला. तोंडाला मास्क लावून आईने दाराशी स्टुलावर काढ्याचा पेला ठेवला होता, शेजारी थर्मामीटर. मी पेला घेऊन बाहेर बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती, एक हात भिंतीला टेकलेला, दुसऱ्या हातात माझ्या टेबलावरची पेन्सिल. दाराच्या पांढऱ्या रंगावर एक रेघ होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक झाली. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता.

त्या दोन रेघा मी पुसलेल्या नाहीत.