वसलेलं गाव, उठलेलं गाव

दत्तजयंतीला आमच्या सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राहुट्या, चुली, गर्दी... आणि यात्रा संपली की सगळं उठतं. लहानपणी ते रिकामं मैदान बघून पोटात कालवायचं.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याबद्दल वाचलं आणि तेच मैदान आठवलं. स्टालिनने सायबेरियात हाकललेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ तिथे राहिले. बराकी, शाळा, चर्च, नाटकं... अख्खं गावच! मग तेही उठलं.

पण आमच्या घोडेवाल्यांना परतायला घर असतं. यांतल्या बहुतेकांची गावं सीमा सरकून सोव्हिएत संघात गेलेली. म्हातारपणी त्यांतले काहीजण परत आले ते कोल्हापूरला, लहानपण शोधत.

मी तरी सारंगखेड्याला आणखी कशाला जातो?