खालच्या सुराची जागा

औशात सप्ताह बसला की रात्री लातूरच्या रस्त्याने गावात शिरणाऱ्याला अभंगाचे शब्द आधी ऐकू येत नाहीत. टाळही येत नाहीत. सगळ्यांच्या आधी येते ती मृदंगाची धुम. उंच सूर हवेतच विरतात, भिंतीला अडून राहतात. खालच्या सुराची लाट लांब असते, ती घरांना वळसा घालून शिवारापर्यंत पोचते. ही धुम उमटावी म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. त्या वजनाने कातडं जड होतं आणि नाद खोल जातो. भजन संपलं की ती कणीक खरवडून काढतात. चक्रीभजनाची परंपरा सांभाळणाऱ्या नाथ संस्थानाच्या या गावाला खालच्या नादाची किंमत नव्याने सांगायला नको. गोल फिरणाऱ्या पावलांना तोल लागतो, आणि तो तोल मृदंग देतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या एका बासवादकाबद्दल इथल्या माणसांशी बोलावंसं वाटतं. जॅझमधला बास म्हणजे माणसाएवढं उंच, उभं धरून बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. त्याची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे 41 वेळा थरथरते, आणि तिच्या नादाची एक लाट आठ मीटरहून लांब असते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो सूर पेलवत नाही, म्हणून मोबाइलवर जॅझ ऐकताना सगळ्यात आधी बासच हरवतो. उरतं ते सुंदर असतं, पण त्याच्या पायाखाली जमीन नसते.

हे बासवादक म्हणजे युजीन राइट. त्यांचा जन्म 1923 सालचा, शिकागोचा. शाळेत ते कॉर्नेट वाजवत. बास पुढे बरंचसं स्वतःच्या कानाने शिकले. विशीतच त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, मग काउंट बेसींच्या वृंदात वाजवलं, बडी डीफ्रँको, रेड नॉर्व्हो यांच्याबरोबर गावोगाव फिरले. 1958 साली ते पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीत आले आणि जवळजवळ दहा वर्षं तिथेच राहिले. ब्रुबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, ड्रमवर जो मोरेलो हे तिघे गोरे. राइट एकटे कृष्णवर्णीय. सोबत्यांनी त्यांना आदराने ‘सेनेटर’ असं नाव दिलं होतं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका महाविद्यालयात या चौकडीचा कार्यक्रम होता. काळा वादक मंचावर चालणार नाही, असं अधिकाऱ्यांनी ऐनवेळी सांगितलं. राइट नसतील तर आम्हीही वाजवणार नाही, असं ब्रुबेक यांनी कळवलं. बाहेर विद्यार्थी पाय आपटून गजर करत होते. बऱ्याच वेळाने परवानगी मिळाली, पण राइट यांनी मागेच उभं राहावं, या अटीवर. पुढचं ब्रुबेक यांनी नंतर सांगितलं आहे. कार्यक्रम रंगात आला तेव्हा त्यांनी राइट यांना सांगितलं, तुमचा मायक्रोफोन बिघडलाय, पुढे येऊन माझ्या मायक्रोफोनवर वाजवा. राइट मंचाच्या अगदी पुढे आले आणि तिथे उभं राहून त्यांनी एकट्याने बास वाजवला. सभागृहाने त्यांना डोक्यावर घेतलं.

त्यानंतर काही आठवड्यांतच ही चौकडी अमेरिकी सरकारच्या वतीने परदेशी निघाली. पोलंड, तुर्कस्तान करत ती भारतात आली. आपला देश किती मोकळा आहे हे जगाला दाखवायचं, असा सरकारचा हेतू होता. ज्याला घरच्या मंचावर मागे ढकललं, तोच माणूस परमुलखात त्या देशाच्या मोकळेपणाची ग्वाही देत उभा होता. मुंबईत ब्रुबेक सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले. मद्रासला मोरेलोंनी पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्या मृदंगाशी आपला ड्रम जुळवला. मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा व्हायला 1982 उजाडायचं होतं. राइट मुंबईत वाजवत होते तेव्हा औसा आणि मुंबई एकाच राज्याच्या नकाशावर होती.

पुढच्या वर्षी, 1959 मध्ये, ‘टाइम आउट’ ही तबकडी आली. तिच्यातलं डेस्मंड यांचं ‘टेक फाइव्ह’ जगभर गेलं. पाच मात्रांचं आवर्तन, तीन आणि दोन असं तोडलेलं. झपतालाच्या दोन-तीनला सरावलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. त्यात राइट काय करतात ते ऐकावं. एक छोटी आकृती, पुन्हा तीच, पुन्हा तीच. तिच्या भरवशावर सॅक्सोफोन हवेत तरंगतो, मोरेलो मात्रा सोडून लांब जाऊन येतात. परतायला जागा आहे हे त्यांना ठाऊक असतं. राइट यांच्याकडे कौशल्य कमी म्हणून ते साधं वाजवत नव्हते. दुसऱ्याला मोकळं सोडायचं तर आपण जागेवर राहायचं, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

खालची जागा स्वतः घेणं आणि ती कुणी आपल्यावर लादणं, यांतलं अंतर पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला नीट ठाऊक आहे. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. समोरच चोखोबांची समाधी आहे. त्यांना दाराबाहेरची जागा समाजाने दिली होती. मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडलेल्या चोखोबांच्या अस्थी नामदेवांनीच इथे आणल्या, असं म्हणतात. जागा दोन्ही खालच्याच, हाकेच्या अंतरावरच्या. एक प्रेमाने घेतलेली, दुसरी अन्यायाने दिलेली. ते दार सगळ्यांना उघडायला 1947 साल यावं लागलं आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

याच वाटेवर एक सुंदर रीतही आहे. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवायची नाही. दिवसरात्र पहारे लागतात, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. विणेकरी एक सूर धरून उभा असतो, आणि ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पायावर वयाने, मानाने मोठी माणसंही डोकं ठेवतात. एरवी तो कोण, हे तेव्हा कुणी विचारत नाही. आधार देणाऱ्याला नमस्कार करण्याची ही शिकवण मला फार मोठी वाटते. वीणा उतरल्यावरही ती टिकली, तरच ती पुरी होते.

ब्रुबेक यांनी ती टिकवली. 1960 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या पंचवीस महाविद्यालयांचा दौरा ठरला होता. बहुतेकांनी राइट यांच्या जागी गोरा वादक मागितला. ब्रुबेक यांनी ते कार्यक्रम सोडले, पैसाही सोडला. 1967 च्या अखेरीस चौकडी थांबली. राइट यांनी पुढे अनेकांना बास शिकवला. तिन्ही सोबती त्यांच्या आधी गेले. डिसेंबर 2020 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, राइट गेले.

खालच्या सुराचं कौतुक करणं सोपं आहे. तो स्वतःच्या कष्टाने आपल्याला उचलून धरत असतो, आणि त्याचं नाव न घेता त्याला थोर म्हणून मोकळं होता येतं. पण त्याला मागे उभं करा म्हणून कुणी अट घातली, तर मग वाजवणारच नाही असं म्हणण्याची तयारी लागते. ही तयारी नसेल, तर पायावर ठेवलेलं डोकंही अपुरं आहे.