लॉराला कुणी सांगितलंच नाही

ड्रॅक्युला सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या पंचवीस वर्षं आधी रक्त पिणारी एक मुलगी इंग्रजी साहित्यात येऊन गेली, तिचं नाव मात्र कमी लोक घेतात. डब्लिनच्या शेरिडन ले फानूची 'कार्मिला' १८७१-७२ साली क्रमशः छापून आली. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात, जंगलातल्या एका गढीत लॉरा वडिलांबरोबर राहते. आई नाही, बरोबरीची सोबतीण नाही. एका संध्याकाळी गढीसमोर बग्गी उलटते आणि बग्गीतली बाई आपल्या मुलीला तीन महिन्यांसाठी तिथं ठेवून निघून जाते. ती मुलगी म्हणजे कार्मिला.

कार्मिला उशिरापर्यंत उठत नाही, घराण्याचं नाव सांगत नाही. लॉराच्या गळ्यात हात टाकून ती जे बोलते ते लॉराला हवंहवंसंही वाटतं आणि नकोसंही, दोन्ही एकदमच. हा मुलीच्या वेशात आलेला कुणी प्रियकर तर नसेल, अशी शंकासुद्धा लॉराला येते. म्हणजे एका मुलीचं दुसरीवर प्रेम असू शकतं, हे तिच्या मनातच येत नाही. अख्ख्या गोष्टीत मला सगळ्यात खरं वाटलं ते हे.

शेवट ठरलेला. कबर उघडतात, छातीत खुंटी ठोकतात, शिर तोडतात, जाळून राख नदीत सोडतात. भुताखेतांच्या गोष्टींत असं व्हायचंच. मी अडकलो ते त्याच्या आधीच्या एका प्रसंगात. लॉरा खंगत जाते. डॉक्टर येतो, गळ्याखालची खूण बघतो आणि तिच्या वडिलांना बाजूला घेऊन बोलतो. ती विचारते, वडील सांगत नाहीत. तिच्याच देहाची गोष्ट, आणि आधी कळते इतरांना.

ही गोष्ट मी भाचीला वाचायला दिली होती. ती म्हणाली, "मामू, आपल्या घरातही असंच बोलतात ना, बाजूला जाऊन?" कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही.

हा विषय कशाला काढला, असं काही वाचक म्हणतील. सिनेमात सुरमा लावलेला, गळ्यात ताईत घातलेला माणूस आला की तो गुंड निघणार, हे बघतच आपण मोठे झालो ना? नेहमी अंधारातच दाखवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

डाफ्ने द्यु मॉरिएच्या 'रेबेका'तली (१९३८) मिसेस डॅनव्हर्सही याच ओळीतली. मेलेल्या मालकिणीचे कपडे ती जिवापाड जपते. हिचकॉकनं सिनेमात तिला हवेलीबरोबर जाळूनच टाकलं. आपल्याकडे त्याच कथेवर 'कोहरा' (१९६४) आला, ती भूमिका आपल्या ललिता पवारांनी केली आणि तिची झाली दाईमाँ. आईची माया म्हटलं की कुणाला काही खटकत नाही!

इस्मत चुगताईंनी मात्र हवेली आपल्या घरातली घेतली. 'लिहाफ' १९४२ सालची. रात्र, अंधारी खोली, भिंतीवर रजईची हत्तीसारखी हलणारी सावली आणि घाबरलेली एक लहान मुलगी. सगळा ऐवज भयकथेचाच. पण बेगमजान थडग्यातून उठून आलेली नाही. नवाबानं लग्न करून घरातल्या सामानाबरोबर तिलाही ठेवून दिलंय. रब्बो नसताना बेगमजान त्या मुलीशी जे वागते ते अंगावर येतं, आणि ते यावंच. एक गोष्ट मला खटकते: नवऱ्यानं टाकली म्हणून बाईकडे वळली, असं कारण कथेत तयार सापडतं. अशा प्रेमाला कारण लागतंच, असं थोडंच आहे? पण इस्मतआपा बेगमजानला मारत नाहीत, हेही खरं. कथेवर लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला, तो टिकला नाही.

दोन्ही गोष्टी सांगणाऱ्या मुली पुढं मोठ्या झालेल्या आहेत. एकीला थंडीत रजई ओढली की भिंतीवरची सावली आठवते. लॉराला कार्मिला कधी कबरीजवळच्या हैवानासारखी आठवते, कधी हसऱ्या, देखण्या मुलीसारखी. राख नदीत गेल्याला वर्षं उलटलीत, तरी दिवाणखान्याच्या दाराशी तिचं हलकं पाऊल वाजल्याचा भास लॉराला होतो.