कृष्णधवल धडे

सेमिनरीत असताना आम्हांस प्रवचनकलेचा एक तास असे. एकाने उभे राहून आठ-दहा मिनिटांचे प्रवचन करावयाचे आणि बाकीच्यांनी कागद-पेन्सिल हातात घेऊन ते ऐकावयाचे, मग त्याची चिरफाड करावयाची, असा तो प्रकार. ‘शुभवर्तमानातून निघालास तो घरी परतलाच नाहीस,’ असा शेरा एका सहाध्यायाने आम्हांस दिला होता. तेव्हा तो फार झोंबला. पुढे गुरुदीक्षा झाली आणि तो तास कायमचा सुटला. त्यानंतर आम्ही किती प्रवचने केली याची मोजदाद नाही. परंतु मिस्सेनंतर दारात उभे राहिलो असता ‘फादर, आजचं प्रवचन छान झालं’ यापलीकडे फारसे काही कानी आलेले नाही. माणसे मायाळू असतात. शिवाय त्यांना घरी जाऊन रविवारची मासळी शिजवायची असते.

हे सारे आठवण्याचे कारण एक एन्लार्जर. २०१६ च्या पावसाळ्यात जवळच्या बाजारातील एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालकाची मुले परदेशी. भंगारवाला लोखंडाच्या भावाने एन्लार्जर उचलावयास आलेला. मालकांनी तो भंगारात न घालता आमच्या दारी आणून ठेवला, सोबत चार ट्रे आणि एक लाल दिवा. विद्यार्थिदशेत एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंच्या डार्करूममध्ये आम्ही थोडी लुडबुड केली होती, हे त्यांना कोठून कळले देव जाणे. धर्मगुरुनिवासामागील कोठीची खिडकी काळ्या कापडाने बंद केली आणि आमचे शिक्षण सुरू झाले. आज प्रत्येकाच्या खिशात फोनचा कॅमेरा असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे आमच्या स्वयंपाकीणबाईंनी विचारले. त्याला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते.

हळूहळू आणखी चौघे जमले. छापखान्यात हयात घालवलेले एक निवृत्त कंपोझिटर, ज्यांना सारे नाना म्हणतात, एक शाळाशिक्षक, परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी, आणि केळीच्या बागेत राबणारा एक तरुण. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने एकच प्रिंट आणावयाची, भिंतीला टेकवून ठेवावयाची, आणि जिचे परीक्षण चालू असेल तिच्या धन्याने तोंड मिटून बसावयाचे, हा नियम नानांनी घालून दिला. इतरांनी आधी काय दिसते ते सांगावयाचे. आवडले की नाही ते नंतर. मग नजर कोठे अडखळते ते. सर्वांत शेवटी धन्याने बोलावे, बोलावेसे वाटलेच तर. ‘छान’ हा शब्द वर्ज्य.

एकमेकांस छायाचित्रे दाखवून शिकण्याची ही रीत मुंबईस नवी नाही. येथे १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. काचेवर ओली रसायने पसरून, ती वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवावयाचे, असे ते दिवस. आमच्या कोठीत तेवढे हाल नसले तरी मे महिन्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या घरात असते आणि डेव्हलपर मागतो २० अंश. इलफोर्डची एचपी ५ फिल्म आयडी-११ मध्ये समभाग पाणी घालून धुतली तर २० अंशांवर १३ मिनिटे लागतात. पाणी गरम असेल तर हिशेब बिघडतो. मासळीवाल्याकडून बर्फ आणून परातीत ठेवावा आणि त्यात टाकी बुडवावी, असा तोडगा निघाला. त्या फिल्मला बोंबलांचा वास येत असे, हे शाळाशिक्षकांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

पहिल्या दोन-तीन बैठका बऱ्या गेल्या. मग आम्ही आमचे एक लाडके चित्र मांडले. चर्चच्या पायरीवर, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीला टेकून बसलेली एक वृद्धा, सकाळचे ऊन, हाती जपमाळ. कडक कागदावर काढलेल्या त्या प्रिंटमध्ये चेहऱ्यावरची एकेक रेघ कोरल्यासारखी उमटली होती. वर्षभर हे चित्र कोठे तरी छापून यावे अशी आमची मनोमन इच्छा होती.

मंडळी बराच वेळ गप्प राहिली. मग नानांनी चष्मा पुसून विचारले, ‘जपमाळ म्हणता ती कुठं आहे?’ वस्तुतः ती होती, पण काळ्याशार लुगड्यात बुडून गेली होती. लुगडे तरी काळे कोठे होते? हिरवे होते. मुलीने मान तिरकी केली आणि म्हणाली, ‘फादर, ह्यात आजी नाहीत. नुसत्या सुरकुत्या आहेत.’

नियम आमच्या हिताचा ठरला. तोंड मिटून बसावयाचे नसते तर आम्ही काय बोललो असतो, याची कल्पना करवत नाही. त्या रात्री जेवण गेले नाही. कंप्लिनची प्रार्थना म्हणताना मधूनमधून नानांचा चष्मा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह प्रकाशापुढे धरली तेव्हा चूक कळली, आणि ती प्रिंटच्या आधीची होती. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक बिचारा आंधळा. त्यास पांढरी भिंत दाखवा की काळी छत्री, तो ती मध्यम करडीच धरून चालतो. आम्ही त्यास उन्हातली भिंत दाखविली. ती करडी व्हावी म्हणून त्याने प्रकाश तोडला आणि त्यात आजींचा चेहरा, लुगडे, मणी सारे अंधारात गेले. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलींचे शुभ्र झगे मळकट उतरतात ते ह्याच कारणाने. तेथे एक-दोन स्टॉप प्रकाश जास्त द्यावा लागतो. अशी फिकी निगेटिव्ह आम्ही कडक कागदावर ओढून ताणून उठावदार केली होती. म्हणून सुरकुत्या कोरीव. मणी निगेटिव्हवर नव्हतेच. ते कोणताही कागद परत आणू शकणार नव्हता. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास जी झोन पद्धती बसविली, तिच्यात दाट काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आहेत. उन्हातला गोरा चेहरा सहाव्या पायरीवर ठेवावा असे तीत म्हटले आहे. आमच्या वाडीतली उन्हात रापलेली माणसे पाचव्या पायरीवर, काही त्याखालीही. आजींना आम्ही तिसऱ्या पायरीवर ढकलले होते. पुढल्या खेपेस त्यांच्या गालाजवळ जाऊन प्रकाश मोजला. त्यासाठी परवानगी विचारावी लागली, आणि मग अर्धा तास त्यांच्या सुनेविषयी ऐकावे लागले. ते चित्र साधारण उतरले. पण त्यात आजी होत्या.

येथवर आम्ही स्वतःस बरा विद्यार्थी समजू लागलो होतो. पुढची गोष्ट सांगावयास संकोच वाटतो.

केळीच्या बागेतल्या त्या तरुणाचे वडील वारले. दफनविधी आम्हीच केला. दोन महिन्यांनी तो बैठकीस आला आणि त्याने एक प्रिंट भिंतीला टेकवली: खोलीतली रिकामी आरामखुर्ची, मागे लखलखीत खिडकी, बाजूला अर्धवट दिसणारी काठी. कोणी काही बोलण्याआधी आम्हीच बोलू लागलो. त्या खिडकीतला शुभ्र प्रकाश म्हणजे सार्वकालिक जीवनाची खूण आहे, रिकाम्या खुर्चीला रिकाम्या कबरेचा अर्थ आला आहे, वगैरे. चांगली पाच मिनिटे बोललो. शेवटी ‘छान’ही म्हणालो. मुलीचे डोळे भरून आले. नाना खाली पाहत राहिले. तरुणाने प्रिंट पिशवीत घातली, आणि पुढचे तीन महिने तो आला नाही.

अखेर आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. तो मागल्या पडवीत केळीचे घड मोजत होता. बराच वेळ इकडचे तिकडचे झाले. मग तो म्हणाला, ‘फादर, सांत्वन करायला घरी पुष्कळ माणसं आली. त्या दिवशी मी फोटो दाखवायला आलो होतो.’

आम्ही त्यास ती प्रिंट पुन्हा दाखविण्यास सांगितले. ओट्यावर ती मधे ठेवून बसलो आणि या वेळी खरोखर पाहिली. नजर खुर्चीवर थांबतच नाही, खिडकीच्या पांढऱ्या डागाकडे पळते; डागात काही नाही; काठीचे वरचे टोक चौकटीने कापले आहे; खुर्चीच्या हातावरची वेतवीण मात्र बोटाला लागेल इतकी सुरेख उतरली आहे. एवढे सांगितले. तो ऐकत होता. ‘खिडकी मी मुद्दाम सोडली नव्हती,’ तो म्हणाला, ‘जमली नाही.’ निगेटिव्ह पाहिली तर खिडकीच्या जागी ती काळी दाट होती. म्हणजे तेथे काहीतरी नोंदलेले होते.

त्याच संध्याकाळी कोठीत दिवा लावला. सबंध चित्रास १२ सेकंद प्रकाश दिला. मग पुठ्ठ्याला भोक पाडून, तो सतत हलता ठेवून, केवळ खिडकीला आणखी ४० सेकंद. पुठ्ठा त्याने धरला, घड्याळ आम्ही. डेव्हलपरमध्ये कागद बुडवला. आधी खुर्ची आली, मग खिडकीच्या पांढऱ्यात केळीची फाटकी पाने, मग विहिरीचा कठडा आणि पंपाची खोपटी. तो लाल उजेडात ट्रेवर वाकून पाहत राहिला.

‘बाबा इथं बसून विहिरीकडेच बघायचे,’ तो म्हणाला. ‘पंप चालू आहे की नाही ते.’

आम्ही काही बोललो नाही. कागद हायपोमध्ये टाकला.

पहिल्या रविवारी ती प्रिंट भिंतीला लागली. नानांनी विहीर ओळखली, आणि पंपाच्या खोपटीभोवती राखाडी कड राहिली आहे, पुठ्ठा तेथे अडखळला असावा, असे सांगितले. शिक्षक म्हणाले, काठी कापली आहे, पुन्हा काढता आले तर पाहा. सर्वांचे झाल्यावर तरुणाची पाळी आली.

‘आता जमायचं नाही,’ तो म्हणाला. ‘खुर्ची आईनं तिथून हलवली.’