तासाला सहा लिटर

संसारात खर्च वाढला की आपण प्रथम दूधवाल्यावर संशय घेतो. विमानांच्या संसारातही तीच रीत. पेट्रोल जास्त जाऊ लागले की जो तो कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतो आणि पान्हा शोधू लागतो.

मी जन्मभर लहान विमानांची दुरुस्ती केली. १९७७ ते १९८५ या काळात बनलेली सेस्ना १५२ ही दोन आसनांची विमाने माझ्या विशेष ओळखीची. असे विमान तासाला साधारण २३ लिटर पेट्रोल पिते. आमच्या क्लबातले एक म्हातारे मात्र २९ वर गेले. सहा लिटरांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. टाक्यांत वापरण्याजोगे पेट्रोल सुमारे ९२ लिटर. म्हणजे चार तासांचे उड्डाण तीन तास दहा मिनिटांवर आले! आणि दुसऱ्या दिवशी एक एकोणीस वर्षांचा पोरगा कागदावर चार तास धरून एकटाच दूरच्या फेरीला निघायचा होता. आकाशात उसने मागायला शेजारीण नसते. मी विमान थांबवले.

आधी हिशेब केला. टाक्या काठोकाठ भरल्या, तासभर उडवले, त्याच सपाट जागी पुन्हा भरल्या. आकडा खरा होता. मग टाकीच्या झाकणामागे पंखावर निळा ओघळ शोधला. हे पेट्रोल निळे असते, आणि झाकणाचे रबर झिजले की पंखावरून वाहणारी हवा ते ओढून नेते. ओघळ नव्हता. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ताडून पाहिला, तर तो शंभर फेऱ्या कमी दाखवत होता. वैमानिक बिचारा नकळत जास्त जोर लावत होता. पण एवढ्याने सहा लिटर भरेनात.

उत्तर इंजिन बंद करताना मिळाले. मिश्रणाची लाल मूठ पूर्ण ओढली की इंजिनाने गप्प व्हावे. हे आचके देत राहिले. कुठून तरी त्याला चोरून पेट्रोल मिळत होते! गार इंजिन सुरू करताना त्याला चार घोट पाजणाऱ्या प्रायमरची रबरी कडी झिजली होती. मूठ नीट बंद दिसे, आत मात्र गळती चालू. कडी बदलली, काटा बदलला. पुढच्या मापात आकडा २३ वर आला. कार्ब्युरेटरला हातही लागला नाही.

सौभाग्यवतीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी तरी वेगळे काय करते? आधी वही, मग भांडण."

त्या पोराला मी नवा आकडा लिहून दिला, आणि उतरताना अर्ध्या तासाचे पेट्रोल शिल्लक असलेच पाहिजे, हेही बजावले.