समुद्र बघायचा तर आषाढात

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या पोखर्णीतही विहिरी कोरड्या पडल्या होत्या. परभणी-गंगाखेड रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना नृसिंहाच्या देवळामुळं माहीत आहे. माझं दुकान मोटारी भरून द्यायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीचं वायंडिंग करायचं. बोअरला पाणीच नसेल तर मोटार चालत नाही, आणि चाललीच नाही तर जळत नाही. त्या वर्षी दुकानात बसून मी माशा मारल्या. कोकणात जाऊन राहायचं, हे खूळ तेव्हाच डोक्यात शिरलं.

त्याला एक निमित्तही होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला दापोलीकडचा एक मुलगा होता. दापोलीचं आणि परभणीचं अशी दोन्ही कृषी विद्यापीठं 1972 सालची. तो आमच्या नात्यातल्या एका घरी भाड्यानं राहायचा, पुढं घरचाच झाला. आता तो कुवेतला असतो आणि दापोली तालुक्यातलं त्याचं घर बंद असतं. तो म्हणायचा, "भाई, किल्ली शेजारी आहे. जाऊन राहा. पसंत पडलं तर दुकान टाका."

अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "जाको देखो तो सही. देखने को क्या पैसे लगते?"

पैसे लागतातच, पण आम्ही कमीत कमी लावले. 2024 च्या जानेवारीत मी आणि बायको परभणीहून पनवेलच्या गाडीत बसलो. रात्रभराचा प्रवास, सोबत ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी आणि एक चादर. पनवेलहून कोकण रेल्वेची पॅसेंजर धरून खेडला उतरलो. तिथून एसटीनं दापोली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं ती मला सारखी ऐकवत होती, "मी निम्म्यात चालले, महाग तुम्हीच पडताय." नऊ दिवस राहिलो. दोघांचा सगळा खर्च साडेसात हजारांच्या आत बसला, कारण घर फुकट होतं आणि स्वयंपाक घरीच होता.

जानेवारीतला समुद्र कुणालाही फसवेल. ऊन होतं, पण आमच्याकडच्यासारखं अंगावर येणारं नव्हतं. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागायच्या आणि वाळूवरच मासळीचा लिलाव चालायचा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. बायको टोपल्यांतून फिरायची आणि भाव ऐकून परत यायची. कोळंबी घ्यावी की नाही, यावर आमचं भांडण झालं. आम्ही हनफी. आमच्यात कोळंबीबद्दल उलेमांची दोन मतं आहेत आणि अब्बांनी आयुष्यभर तिला हात लावला नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात हा प्रश्नच नाही. शेजारच्या खालांनी कालवणाचं भांडंच आणून दिलं, तेव्हा भांडण मिटलं.

मशिदीत मात्र माझी फजिती झाली. शाफईंची असरची वेळ आपल्यापेक्षा आधी होते. पहिल्या दिवशी मी वेळेवर गेलो असं समजून पोचलो, तर लोक नमाज पढून बाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी फजरला गेलो. दुसऱ्या रकातीत रुकू झाला आणि मी सवयीनं थेट सजद्यात गेलो. बाकी सगळी सफ हात उचलून दुआए-कुनूत ऐकत उभी. मी एकटाच खाली. नंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घाटावरचे काय?"

हा प्रश्न मी विसरलो नाही. आमच्याकडं मला वेगळा प्रश्न सवयीचा आहे. तालुक्याच्या कचेरीत, बँकेत, लग्नाच्या मांडवात नवीन ओळख झाली की समोरचा म्हणतो, "तुमचं मराठी छान आहे हो!" कौतुकच असतं ते, पण त्यात एक आश्चर्य असतं, आणि ते आश्चर्य टोचतं. माझं शिक्षण मराठीत झालं, हिशेब मराठीत, शिव्यासुद्धा मराठीत. घरात दखनी बोलतो एवढंच. कोकणात नऊ दिवसांत एकदाही कुणी माझ्या मराठीचं कौतुक केलं नाही. तिथल्या मुसलमानांच्या घरातलीच बोली मराठीला इतकी जवळची की कौतुक कशाचं करणार? मशिदीबाहेरच्या बाकावर म्हातारे मराठी पेपर वाचत बसलेले. हमीद दलवाईंचं मिरजोळी तिथून फार लांब नाही. त्यांच्या मतांशी कुणी भांडो, पण मुसलमानानं मराठीत लिहिणं तिथं नवलाचं नव्हतं, हे मला त्या बाकाकडं बघून कळलं. खरं सांगायचं तर ऊन आणि समुद्र यांच्यापेक्षा मला त्या बाकाची भूल पडली.

परतल्यावर मी दुकान विकायच्या गोष्टी करू लागलो. बायकोनं अडवलं. "चांगल्या दिवसांत सगळीच सासरं चांगली असतात. एकदा पावसाळ्यात जाऊ."

जुलैत गेलो. आषाढ लागला होता. परभणीला वर्षभरात साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस होतो, तोही झाला तर. दापोलीच्या बाजूला साडेतीन हजार. आकडा वाचणं वेगळं आणि त्याच्याखाली राहणं वेगळं. तिसऱ्या दिवशी वीज गेली, ती दोन दिवस आली नाही. सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाला वास यायला लागला, जानमाजवर पांढरी बुरशी धरली, कपडे वाळेनात. दळायला ज्वारी शोधली, मिळाली नाही. तांदळाच्या भाकरी थापताना बायकोच्या हातून त्या तुटायच्या. हर्णैचा किनारा सुना. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळं होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या. गावात निम्म्या घरांना कुलपं. माणसं मुंबईत, कुवेतमध्ये, सौदीत. ज्या किनाऱ्यावर मी राहायला निघालो होतो, तिथली पोरं तिथून निघून गेली होती.

पाऊस उघडला त्या दिवशी मी बाजारात एका मोटारवाल्याच्या दुकानात जाऊन बसलो. धंदा बघायचा तर धंदेवाल्याकडंच बसावं. त्यानं चहा पाजला आणि सगळं खरं सांगितलं. विहिरींवरच्या मोटारी लहान, काम फेब्रुवारी ते मेपर्यंत. खारी हवा बेअरिंग खाते, त्यामुळं दुरुस्तीपेक्षा लोक नवीन घेतात. आणि एवढा पाऊस होऊनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकर, कारण जांभ्या दगडात पाणी थांबत नाही. मी हसलो. टँकरपासून पळून मी टँकरपाशीच आलो होतो! 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाचंही त्यानं सांगितलं. पत्रे कागदासारखे उडाले, वाडवडिलांनी लावलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नारळ लावला तर फळ धरायला वर्षं जातात. तरी माणसांनी परत लावले.

निघायच्या आधी आम्ही दाभोळला जाऊन आलो. बहामनींच्या काळातलं मोठं बंदर, पुढं आदिलशाहीत हजचे यात्रेकरू इथून जहाजात बसायचे. खाडीकाठी जुनी मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. सांगतात की विजापूरची एक शाही स्त्री हजला निघून इथवर आली, पुढचा समुद्र धोक्याचा म्हणून तिला जाता आलं नाही, तेव्हा हजसाठी आणलेल्या पैशांतून तिनं ही मशीद बांधली. तीही घाटावरचीच. ओल्या पायरीवर बसून बायको म्हणाली, "तिच्याकडं मशीद बांधायला पैसे होते. आपल्याकडं काय आहे?"

मी म्हणालो, "तार गुंडाळायचं यंत्र."

"मग ते जिथं चालतं तिथं ठेवा."

आम्ही गेलो नाही. साडेसात हजार तेव्हाचे, नऊ हजार नंतरचे, एवढ्यात एक मोठी चूक टळली. कुणाला गाव बदलायचं असेल तर माझं एवढंच ऐका. हॉटेलात राहू नका, घरात राहा. तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात जा. आपल्या धंद्यातल्या माणसाशेजारी दिवसभर बसा. आणि आपण नक्की कशाच्या ओढीनं निघालोय, हे स्वतःला विचारा.

मी निघालो होतो ते मला कुणी परका समजू नये म्हणून. कोकणात मी मुसलमान म्हणून परका नव्हतो, घाटावरचा म्हणून होतो. पोखर्णीला परतलो त्या सकाळी शटर उघडतोय तोच एक शेतकरी खांद्यावर मोटार घेऊन आला आणि ती दाणकन खाली आपटून ओरडला, "कुठं उलथला होतास रं पंधरा दिवस? पऱ्हाटी वाळून चालली माझी!"

त्यानं माझ्या मराठीचं कौतुक केलं नाही. मी मोटार उघडायला घेतली.