सायलेन्सर

आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू. लहानपणी संध्याकाळ झाली की त्या कुंपणापलीकडून हाक द्यायच्या, "मी नान्नगारु वच्चिन्रु!" तेलुगूतला 'मी' म्हणजे 'तुमचे', हे कळायला आम्हा भावंडांना बराच काळ लागला. तोवर अक्का स्वतःला आमचे बाबा का म्हणवतात, हे कोडं काही सुटत नसे. अर्थ कळला नाही तरी खूण मात्र पक्की होती. अक्कांनी हाक दिली की दोन मिनिटांत बाबांची फियाट दारात. विनायक चौकाकडून येणारा तिचा आवाज अक्कांना आमच्या आधी ऐकू जाई.

बाबा आदिलाबादेत एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. गाडी १९७९ सालची, मालकांनी वापरून झालेली. १९८८ मध्ये पगारातून हप्ते कापून आमच्याकडे आली. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात ती फियाट अकराशे म्हणून जन्मली आणि पुढं केव्हातरी तिचं दुसरं बारसं झालं. पण घरात तिला फियाट याखेरीज दुसरं नाव कधी लागलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगला. बाबा गियर कानानं बदलत. आवाज जरा वर चढला की हात आपोआप दांड्याकडे जाई. हंगामात कापसाच्या खरेदीसाठी जैनथ, बेला, कधी पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यापर्यंत ते हिंडत आणि दिवसाकाठी शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज होत.

१९९६ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि गाडीचं फिरणं बाजार, देऊळ, बँक एवढ्यावर आलं. आपल्याला वाटतं, गाडी कमी चालली म्हणजे कमी झिजली. सायलेन्सरच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपानं धुराबरोबर बाहेर पडतं. लांबच्या पल्ल्यात नळी तापते आणि ते उडून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत नळी तापतच नाही. पाणी सायलेन्सरच्या पोटात साचतं आणि तो आतून गंजत जातो. बाहेरून काळा रंग शाबूत, आत चाळण. आमच्या गाडीचं पंधरा वर्षं हेच चाललं होतं.

२०११ च्या हिवाळ्यात मी सुट्टीवर घरी आलो, तेव्हा फियाटचा आवाज ट्रॅक्टरच्या पंगतीला जाऊन बसला होता. चौकातली माणसं वळून बघत. पाठच्या बाजूची बाई मुलांच्या अभ्यासाची तक्रार घेऊन आली. बाबांना काही म्हटलं की म्हणत, "उलट आता कुठं इंजिन मोकळं बोलायला लागलंय." आई मागच्या सीटवर बसे आणि घरी आली की डोकं धरून पडून राही. आम्ही समजत होतो, आवाजानंच.

गाडी घेऊन भुक्तापूरच्या बाजूला चाचांकडे गेलो. चाचांनी आधी थंड इंजिन चालू करवलं आणि मागच्या नळीच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरलं. बाहेर पडायला जागा उरली नाही की धूर जिथं छेद असेल तिथून फुसफुसतो. दोन ठिकाणं सापडली: एक पुढच्या जोडाशी, पॅकिंग जळालेलं, भोवती काजळीचा पट्टा, दुसरं सायलेन्सरच्या पोटाशी, अंगठा जाईल एवढं भोक. मग त्यांनी मागच्या सीटखालचं मॅटिंग उचललं. खालचा पत्रा सडून तिथंही छेद पडला होता.

"साब, गाडी नै चिल्ला रई, छेद चिल्ला रा," चाचा म्हणाले. "और अम्मा का सर आवाज से नै, धुएँ से दुखता."

मी चरकलो. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. आई त्याच्यावर बसून रोज देवळात जात होती.

चाचांनी पत्रा बंद केला, पॅकिंग बदललं, सायलेन्सरला ठिगळ मारून वेल्डिंग केलं. आवाज निम्म्यानं उतरला, पण खडखड राहिली. त्यांनी सायलेन्सर सोडवून कानाशी हलवला, आत खुळखुळा. सायलेन्सर म्हणजे नुसता डबा नव्हे. चार सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना सेकंदाला शंभर धमाके होतात. भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडव्या पत्र्यांचे कप्पे यांतून ते धमाके एकमेकांवर आपटत, एकमेकांना मारत पुढं सरकतात आणि शेवटी निघते ती नुसती गुरगुर. आतले पत्रे तुटले की उरतो ढोल. कुणीतरी लोखंडी कीस भरायचं सुचवलं. चाचांनी "नक्को" म्हणून उडवून लावलं. धुराची वाट फार अडवली तर इंजिन गुदमरतं, पेट्रोल खातं. कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा असं सांगतो. तो मिळवून देणं काही नियमाचं काम नाही.

पद्मिनी बनणं बंद होऊनही तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. पण मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सी अजून धावत होत्या (शेवटची २०२३ मध्ये उतरली), त्यामुळे सामान मिळत होतं. माझ्या मावसभावानं नवा सायलेन्सर गोणपाटात बांधून नंदिग्राम एक्सप्रेसनं आणला. वरच्या बर्थवर तो सायलेन्सर आणि खाली हा अंग आखडून बसलेला. किनवटला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला वीणा आहे का म्हणून विचारलं म्हणे.

चाचांनी तो बसवताना नळी गाडीच्या पोटाला कुठं टेकत नाही ना, हे दोन बोटं घालून तपासलं, लटकवायचे रबर नवे घातले. नळी पत्र्याला टेकली तर सायलेन्सर कितीही चांगला असो, सगळी गाडी भणभणते. मग गाडी सुरू केली. काय सांगू! नव्वद सालची आमची फियाट परत आली.

मोठ्या ऐटीत किल्ली बाबांच्या हातात दिली. त्यांनी सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं. ते क्षणभर थांबले आणि चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला. दातावर दात घासल्यासारखा कर्रर्र आवाज झाला. आई दचकली, चाचा धावत आले. बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरू का होत नाही रे?"

चाचा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

नांदेडला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. जिनिंगच्या घरघरीत तीस-बत्तीस वर्षं. दिवाणजींची खोली यंत्रांना लागूनच. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांचे आधी बारीक, उंच आवाज जातात. स, त, फ असली अक्षरं गळतात. माणसं बोलताहेत हे कळतं, काय बोलताहेत ते कळत नाही. आईच्या मराठीत गळलेलं अक्षर बाबा सवयीनं भरून काढत होते. तेलुगू त्यांनी तिशीच्या आसपास जिनिंगमध्ये हमालांकडून उचललेली. तिच्यात भर घालायला तेवढी पुंजी नव्हती. गेली काही वर्षं ते अक्कांशी बोलायचे बंद झाले होते. अक्कांना वाटे, दिवाणजी कशावरून तरी रुसले. आणि आम्हाला, शरम वाटते सांगायला, वाटे की म्हातारपणी बाबांचं डोकं फिरलं, तेलुगू माणूस नकोसा झाला. मी स्वतः एकदा त्यांना त्यावरून नको ते सुनावलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. आता वाटतं, ते तरी त्यांना ऐकू गेलं होतं का?

अक्कांना मी सगळं सांगितलं. त्या कुंपणाशी गप्प उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून बाबांशी बोलायचं तर फाटक उघडून आत येत, समोर बसत आणि एकेक शब्द सोडवून बोलत.

कानाचं यंत्र आणलं. बाबांनी आठवडाभर लावलं. भांड्यांचा आवाज सुईसारखा टोचतो म्हणून कपाटात ठेवलं. महिन्याभरानं चाचांचा मला फोन आला. "साब आए थे. बोले, थोडा छेद छोड दो." चाचांनी नाही म्हटलं होतं, पण मला विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. मी आईच्या डोक्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण, मावळ्याजवळ हायवेवर मागच्या लॉरीचा हॉर्न बाबांना ऐकू आला नव्हता, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. नंतर ते त्यांनी आपणहूनच सांगितलं आणि किल्ली देवघराच्या खुंटीला अडकवली.

पुढं मी सुट्टीला आलो की गाडी मी चालवायचा. बाबा शेजारी बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी डावा तळवा डॅशबोर्डवर टेकवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावर टेकवतात तसा. मी बाजाराच्या चढावर गाडी दुसऱ्यात ओढत होतो.

"तिसरा टाक," बाबा म्हणाले. "ओरडतेय ती."